चूक सांगायला आधी खातं उघडायचं? बग ट्रॅकरच्या लॉगिनची गोष्ट

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जण रेडिओ बंद करतील अशी मला भीती आहे. म्हणून नाव थोड्या वेळानं सांगतो. आधी एका आजीची गोष्ट ऐका.

साताऱ्याला एक निवृत्त शिक्षिका राहतात. आयुष्यभर मराठी शिकवलं. त्यांचा मुलगा इथं रेडिंगला, आमच्या शेजारच्या गल्लीत राहतो. आम्ही सगळे त्यांना 'बाई'च म्हणतो. नात नऊ वर्षांची, रविवारच्या मराठी शाळेत जाते. तिचं वाचन सुटू नये म्हणून बाई तिला दर पंधरवड्याला मोबाइलवरून मराठीत पत्र लिहितात. एकदा बाईंनी लिहिलं, की पावसाळ्यात महाबळेश्वरच्या दऱ्या धुक्यानं भरून जातात. पण पत्रात उमटलं 'महाबळेश्वरच्या दर्या'. नातीनं आईला विचारलं, दर्या म्हणजे काय? आई म्हणाली, समुद्र. मग रविवारी व्हिडिओ कॉलवर प्रश्न आला, "आजी, महाबळेश्वरला समुद्र आहे?"

आपण हसतो, पण त्या मुलीच्या दृष्टीनं ते आजीनं लिहिलेलं होतं, म्हणजे खरंच होतं.

बाईंच्या मोबाइलवर एक मोफत मराठी कीबोर्ड आहे. तो पाच हौशी लोक फावल्या वेळात सांभाळतात. त्या पाचांतला एक मी. नव्या आवृत्तीत आमच्याकडून एक गडबड झाली होती. कीबोर्ड 'शुद्धलेखन सुधारतो' म्हणून 'दऱ्या'चा 'दर्या' करत होता. दऱ्यामधला 'र' हलका, 'य'ला बाजूनं चिकटलेला. दर्यामधला 'र' रफार होऊन डोक्यावर चढलेला. मराठी माणसाला हा फरक कानानं कळतो. आमच्या प्रोग्रामला कळत नव्हता. पुढं लक्षात आलं, की आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या हिशेबातही 'आचाऱ्यांना मानधन' याऐवजी 'आचार्यांना मानधन' असं छापून गेलं होतं. स्वयंपाक करणाऱ्यांचे पैसे कागदोपत्री एकदम विद्वानांना!

खरी चूक मात्र यापुढची आहे. बाईंनी ही अडचण कळवायचा प्रयत्न केला होता. कीबोर्डवर 'चूक कळवा' असं बटण आहे. ते दाबल्यावर एक इंग्रजी पान उघडलं. तिथं प्रोग्रामर मंडळी वापरतात त्या संकेतस्थळाचं खातं मागितलं. खातं काढायला गेल्या तर वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून चित्रांचं कोडं. दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. मग त्यांनी काय करावं? 'दऱ्या' हा शब्दच लिहायचं टाळलं. चार महिने. हे मला कळलं ते त्यांच्या मुलाकडे जेवायला गेलो तेव्हा, तेही सहज बोलण्याच्या ओघात. मी फोनवर त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, मला वाटलं माझंच बोट चुकतंय."

श्रोते मंडळी, पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई आमच्या प्रोग्रामपुढं स्वतःच्या मराठीवर शंका घ्यायला लागली, कारण आमची तक्रारवही तिच्यासाठी कुलूपबंद होती. आता विषयाचं नाव सांगतो: ओपन सोर्स प्रकल्पाच्या बग ट्रॅकरला लॉगिनची पद्धत कुठली ठेवावी?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची घडण कुणालाही उघडून वाचता येते आणि परवान्याच्या अटी पाळून बदलता येते. बग म्हणजे त्यातली चूक. आणि बग ट्रॅकर म्हणजे त्या चुकांची नोंदवही: कुणी काय कळवलं, कोण दुरुस्त करतंय, झालं की नाही. लहानपणी एसटी स्टँडवर तक्रारवहीची पाटी असायची. मागायला गेलं की वही कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब जेवायला गेलेले. वही होती, पण लिहिता येत नव्हतं. आमचंही तसंच झालं होतं.

मग कुलूप हवंच कशाला? काढून टाका, असं कुणी म्हणेल. तसं चालवणारेही आहेत. डेबियन नावाची लिनक्सची जुनी, नावाजलेली प्रणाली आहे. तिच्या बग ट्रॅकरला लॉगिन नाही. ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या पद्धतीनं ईमेल पाठवायचं, की नोंद होते आणि क्रमांक मिळतो. पुढची चर्चा, नोंद बंद करणं, सगळं ईमेलवरच. हे वर्षानुवर्षं चालू आहे. पण त्याची किंमत आहे. तुमचा ईमेल पत्ता त्या नोंदीसोबत सगळ्या जगाला दिसतो. आणि कचरा मेल गाळत बसायला अनुभवी माणसं लागतात.

दुसरं उदाहरण अपाची फाउंडेशनचं. इंटरनेटच्या पायाभूत सॉफ्टवेअरपैकी बरंचसं त्यांच्या छत्राखाली तयार होतं. त्यांच्या ट्रॅकरवर पूर्वी कुणीही खातं काढू शकत असे. जाहिरातबाजीच्या खोट्या खात्यांचा उपद्रव इतका वाढला, की २०२२ च्या अखेरीस त्यांनी थेट नोंदणी बंद केली. आता आधी विनंती करावी लागते. म्हणजे दार सताड उघडं ठेवलं की त्रास, आणि बंद केलं की बाईंसारखी माणसं बाहेर.

लॉगिन हवं, त्याची तीन खरी कारणं आहेत. एक, कचरा रोखणं. दोन, तक्रार करणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येणं: कुठला फोन, कुठली आवृत्ती, नेमकं काय टाइप केलं? तीन, काही नोंदी गुप्त ठेवाव्या लागतात. सुरक्षेतली भगदाडं दुरुस्त होईपर्यंत चोरांना कळता कामा नयेत. ही तीन कारणं वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवा, शेवटी त्यावरच सगळं ठरणार आहे.

(छोटा संगीत खंड)

आता पद्धती एकेक करून बघू.

पहिली पद्धत, आपलं स्वतःचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड. सगळ्यांना ओळखीची आणि कुणावर अवलंबून नसलेली. पण मग हजारो लोकांचे पासवर्ड सांभाळायची जबाबदारी पाच हौशी लोकांवर येते. ती किती जड असते, याच्या दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

एप्रिल २०१०. याच अपाची फाउंडेशनच्या ट्रॅकरवर कुणीतरी एक साधीशी तक्रार नोंदवली आणि त्यात एक आखूड केलेली लिंक दिली. ती लिंक सापळा होती. काही व्यवस्थापकांनी त्यावर क्लिक केलं आणि त्यांच्या चालू लॉगिनची चोरी झाली. त्याच वेळी लॉगिनच्या पानावर लाखो पासवर्डांचा माराही चालू होता. चोरांना व्यवस्थापकाचे अधिकार मिळाले. मग त्यांनी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड टिपून ठेवायची सोय केली आणि तिथल्याच तंत्रज्ञांना 'पासवर्ड बदला' असे मेल पाठवले. तंत्रज्ञांना वाटलं, यंत्रणेची काहीतरी किरकोळ चूक असेल. त्यांनी तात्पुरत्या पासवर्डनं आत जाऊन आपला नेहमीचा पासवर्ड पुन्हा घातला. त्यातल्या एकाचा तोच पासवर्ड ट्रॅकर चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या त्याच्या खात्यालाही होता, आणि तिथं त्याला पूर्ण अधिकार होते. एका खोट्या तक्रारीपासून सर्व्हरच्या किल्ल्यांपर्यंत अवघ्या काही दिवसांत.

दुसरी गोष्ट फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची. त्यांच्या ट्रॅकरचं नाव बगझिला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की एका अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या खात्यातून कुणीतरी गुप्त नोंदी वाचत होतं. किमान वर्षभर. १८५ गुप्त नोंदी त्याच्या हाती लागल्या, त्यांतल्या ५३ गंभीर सुरक्षा त्रुटींच्या होत्या. त्यातल्या एका माहितीचा वापर फायरफॉक्स वापरणाऱ्यांवर हल्ला करण्यासाठी झाला, असं मोझिलाचं म्हणणं होतं. आणि हे झालं कसं? त्या व्यक्तीनं तोच पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावरही वापरला होता आणि तिथून तो फुटला. बगझिलाचं कुलूप तुटलं नव्हतं. किल्लीची नक्कल बाहेर फिरत होती. त्यानंतर मोझिलानं अधिकार असलेल्या सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले, दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची केली आणि अशा लोकांची संख्या आणि प्रत्येकाचे अधिकारही कमी करायला घेतले.

दुसरी पद्धत, उसन्या ओळखीची. 'गूगलनं लॉगिन करा', 'गिटहबनं लॉगिन करा' ही बटणं तुम्ही रोज बघता. समजा, तुम्ही पुण्यात एखाद्या सोसायटीत गेलात. वॉचमन तुम्हाला ओळखत नाही. तो वर फोन लावतो, वरचे म्हणतात "हो, आमचे पाहुणे आहेत, सोडा", आणि तुम्ही आत जाता. वॉचमननं तुमच्या घराची किल्ली मागितली नाही. तसंच आमचा ट्रॅकर तुम्हाला गूगलकडे पाठवतो, तुम्ही पासवर्ड गूगलच्याच पानावर घालता, आणि गूगल आम्हाला फक्त सांगतं, की हो, हे अमुक खातं आहे. पासवर्ड आमच्यापर्यंत येतच नाही. जे आपल्याकडे नाही, ते आपल्याकडून चोरीला जात नाही. छोट्या प्रकल्पासाठी हा मोठाच दिलासा.

पण वरच्या मजल्यावरच्यांनी फोन उचलणं बंद केलं तर? हेही झालेलं आहे. २००५ साली ओपनआयडी नावाची पद्धत निघाली. कल्पना अशी, की एकच ओळख सगळीकडे चालावी. गूगलनं तिच्या जुन्या प्रकाराला असलेला आधार २०१५ मध्ये काढून घेतला. मोझिलानं २०११ मध्ये पर्सोना नावाची स्वतःची लॉगिन सेवा काढली. बगझिलावरही तिचं बटण होतं. ती ३० नोव्हेंबर २०१६ ला बंद झाली. ज्या प्रकल्पांना तेवढं एकच दार होतं, त्यांना धावपळ करून दुसरं बसवावं लागलं.

आणि ओळख देणारी कंपनी तिच्या देशाच्या कायद्यानं बांधलेली असते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गिटहबनं इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या खात्यांवर मर्यादा घातल्या. त्यांच्या खासगी कामाचे कप्पे त्यांनाच उघडता येईनात. इराणपुरता प्रश्न सुटला तो जानेवारी २०२१ मध्ये, गिटहबला अमेरिकन सरकारचा परवाना मिळाल्यावर. आपल्याला वाटतं, आपला काय संबंध? पण आपली मराठी माणसं आखातात आहेत, आफ्रिकेत आहेत, जहाजांवर आहेत. कुठला नियम कुणाला कधी लागू होईल, हे पाच हौशी लोकांच्या हातात नाही.

उसन्या ओळखीत आणखी एक खाच आहे. पुष्कळ ट्रॅकर असं ठरवतात, की ईमेल पत्ता अमुक संस्थेचा असला की माणूस आतला. ऑक्टोबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी बगझिला सॉफ्टवेअरमध्ये एक त्रुटी दाखवली. दुसऱ्याच्या ईमेल पत्त्यावर, त्याची पडताळणी न होताच, खातं काढता येत होतं. जिथं पत्ता बघून अधिकार दिले जात होते, तिथं परका माणूस थेट दिवाणखान्यात पोहोचू शकला असता. त्रुटी दुरुस्त झाली. धडा राहिला: पत्त्यावरून ओळख पटवा, पण पत्त्यावरून अधिकार देऊ नका.

तिसरी पद्धत, ईमेलवर येणारी लिंक किंवा आकडे. पासवर्ड नाहीच. पत्ता टाका, मेलमध्ये सहा आकडे येतात, ते घाला. बाईंसारख्यांना हे जमतं, कारण बँकांनी आणि रेल्वेच्या तिकिटांनी ओटीपीची सवय लावलेली आहे. लिंकपेक्षा आकडे बरे, त्याचं कारण गमतीचं आहे. काही कार्यालयांची मेल तपासणारी यंत्रं प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघतात. एकदाच चालणारी लिंक यंत्रच वापरून टाकतं, आणि माणसाला दिसतं 'लिंकची मुदत संपली'. शिवाय मोबाइलवर सुरुवात केली आणि मेल लॅपटॉपवर उघडलं तर लिंक भलतीकडेच लॉगिन करते. आकडे मात्र कागदावर लिहून घेता येतात.

चौथी पद्धत, मोबाइलवर एसएमएसनं ओटीपी. ही नको, हे आमचं पाचांचं दोन मिनिटांत ठरलं. परदेशातल्या मराठी माणसाला कारण सांगायला नकोच. भारतातलं बँक खातं, भारतातला नंबर आणि ओटीपी न आल्यामुळे रात्री अकराला साताऱ्याला फोन, "बाबा, जरा त्या फोनवर काय आलंय बघा." रिचार्ज राहिला की नंबर बंद होतो, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. म्हणजे आपलं दार आपल्याला बंद आणि अनोळखी माणसाला उघडं. वर प्रत्येक एसएमएसचे पैसे प्रकल्पानं भरायचे.

पाचवी पद्धत नवी आहे: पासकी. तुमच्या फोनमध्ये गुप्त किल्ली तयार होते, आणि संकेतस्थळाकडे तिचं फक्त जुळणारं कुलूप जातं. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवला की फोन स्वतःच सिद्ध करतो, की किल्ली माझ्याकडे आहे. ठसा फोनबाहेर जात नाही. संकेतस्थळाची वही चोरीला गेली तरी चोराच्या हाती कुलपंच लागतात. आणि हुबेहूब दिसणारं खोटं पान असलं तरी फोन फसत नाही, कारण ती किल्ली फक्त खऱ्या पत्त्यावरच चालते. २०१० मधला तो पासवर्ड टिपून ठेवायचा प्रकार इथं जमलाच नसता. यामागचं वेबऑथन नावाचं मानक मार्च २०१९ मध्ये पक्कं झालं. उणीव इतकीच, की फोन हरवला किंवा बदलला तर काय, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. आणि पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला हे नवखं वाटतं.

(छोटा संगीत खंड)

तर आम्ही पाच जण एका शनिवारी ऑनलाइन बैठकीला बसलो. मस्कतला रात्र, टोरांटोला दुपार. पुण्याच्या आमच्या मित्राचं मत स्पष्ट होतं: फक्त गिटहब ठेवा. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "आपण पाच जण, प्रत्येकाला नोकरी, संसार. दार उघडलं की 'चालत नाही', एवढंच लिहिलेल्या पन्नास नोंदी येतील. त्या कोण वाचणार? प्रोग्रामर निदान नीट लिहितात." मोठे प्रकल्पही त्या वाटेनं गेलेत. पायथन या भाषेच्या प्रकल्पानं एप्रिल २०२२ मध्ये आपला जुना ट्रॅकर सोडून नोंदी गिटहबवर नेल्या. तिथं तक्रार करायला गिटहबचं खातं लागतं. पण पायथनची चूक ज्याला सापडते, तो बहुधा प्रोग्रामरच असतो. त्याच्याकडे ते खातं असतंच.

आमच्या कीबोर्डची चूक कुणाला सापडते? ज्याला मराठी येतं त्याला. एमबीएला आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलं होतं: आधी विचारा, ग्राहक कोण? मी तेवढंच विचारलं.

मग मी विकिपीडियाचं उदाहरण दिलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाकडे पूर्वी बगझिला होतं. लेख लिहिणाऱ्यांना चूक कळवायची तर वेगळं खातं काढावं लागे, आणि तिथं त्यांचा ईमेल पत्ता लॉगिन केलेल्या इतरांना दिसे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते फॅब्रिकेटर या नव्या ट्रॅकरवर गेले. तिथं विकिपीडियाच्याच खात्यानं आत जाता येतं. मराठी विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्याला वेगळी किल्ली नको. जी माणसं चुका शोधतात, त्यांच्या खिशात जी किल्ली आधीच आहे, तीच चालावी, हा मला त्यातला मुद्दा वाटतो.

बाईंच्या खिशात कुठली किल्ली आहे? ईमेल. अँड्रॉइड फोन असल्यामुळे गूगलचं खातं. एवढंच.

शेवटी ठरलं ते असं. पासवर्ड आम्ही ठेवणारच नाही, एकाचाही नाही. तक्रार करणाऱ्यासाठी तीन दारं: ईमेलवर सहा आकडे, गूगल आणि गिटहब. कुठलंही एक बंद पडलं तरी दुसरं आहे. तिन्हींची नोंद आमच्याकडच्या एका क्रमांकाला जोडलेली, म्हणजे उद्या कंपनीनं सेवा बंद केली तरी माणसाच्या जुन्या नोंदी त्याच्याच नावावर राहतील. नुसता पत्ता सारखा दिसला म्हणून दोन खाती आपोआप जोडायची नाहीत. आधी माणसानं दोन्हीकडून आत येऊन दाखवायचं. ईमेल पत्ता कुणाला दिसणार नाही. नवख्या माणसाची पहिली नोंद आमच्यापैकी एकानं वाचल्याशिवाय जाहीर होणार नाही, म्हणजे कचरा दारातच अडेल. 'चूक कळवा'चं पान मराठीत. आणि पुण्याच्या मित्राच्या समाधानासाठी त्या पानावर तीन प्रश्न: काय टाइप केलं, काय उमटलं, काय उमटायला हवं होतं?

ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत, त्या आम्हा पाचांसाठी नियम उलटे. पासकी सक्तीची. व्यवस्थापकाचे अधिकार दोघांकडेच. आणीबाणीचे कोड कागदावर छापून दोन वेगवेगळ्या घरांत. गुप्त नोंदी ज्याला गरज आहे त्यालाच दिसणार. मघाची तीन कारणं आठवा. कचरा रोखायला हलकी कडी पुरते. उलट प्रश्न विचारायला एक पत्ता पुरतो. भक्कम कुलूप लागतं ते फक्त तिसऱ्या कारणाला, आणि तो बोजा तक्रार करणाऱ्यावर टाकायचं काही कारण नाही. आम्ही इतके दिवस तेच करत होतो.

हे सगळं फुकट झालं नाही. कचरा येतो. दर रविवारी आमच्यापैकी एक जण अर्धा तास तो उपसतो. 'चालत नाही' एवढंच लिहिणारेही आहेत, पुण्याचा मित्र अगदीच चुकला नव्हता. आणि इथं ब्रिटनमध्ये लोकांचे ईमेल पत्ते साठवले की डेटा संरक्षणाचा कायदा लागू होतो. पत्ते फुटले आणि लोकांना धोका असेल तर ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं. म्हणून वर्षभर न वापरलेल्या खात्यांचे पत्ते आम्ही पुसून टाकायचं ठरवलंय.

आता यातलं तुमच्या घरासाठी काय? तीन गोष्टी. पहिली, तुमचा ईमेल हीच सगळ्या घराची मुख्य किल्ली आहे, कारण 'पासवर्ड विसरलो' म्हटलं की सगळं तिथंच येतं. बाकी काही केलं नाही तरी त्या एका खात्याला पासकी किंवा दोन टप्प्यांची पडताळणी आजच लावा, आणि त्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठंही वापरू नका. मोझिलाचं जे झालं ते एका पासवर्डमुळे झालं. दुसरी, 'गूगलनं लॉगिन करा' हे बटण वाईट नाही, पण ज्या ठिकाणी तुमचं महत्त्वाचं काही आहे, तिथं आत जायचा दुसरा मार्गही जोडून ठेवा. तिसरी, डिसेंबरात भारतात गेलात की आईबाबांच्या खात्याला कुठला नंबर जोडलाय, तो चालू आहे का, हे शेजारी बसून बघा. आणीबाणीचे कोड छापून कपाटात ठेवा. फोनवरून हे सांगणं किती कठीण असतं, ते आपण सगळे जाणतो.

आणि बाई? नवं पान सुरू झाल्यावर मी त्यांना फोन करून म्हटलं, "बाई, एकदा बघता का?" दुसऱ्या दिवशी नोंद आली. दोन रकाने. एकात सूर्य, कार्य, पर्याय, आचार्य. दुसऱ्यात दऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या, आचाऱ्यांना. प्रत्येक शब्दापुढं काय टाइप केलं आणि काय उमटलं. खाली एक ओळ: 'नाम ईकारान्त किंवा आकारान्त असेल तर अनेकवचनात आणि सामान्यरूपात लक्ष द्यावे.' इतकी नेमकी तक्रार मला वीस वर्षांच्या नोकरीत क्वचितच मिळाली असेल. पुण्याच्या मित्रानं ती वाचली आणि त्याच रात्री दुरुस्ती केली. आता तोच अधूनमधून विचारतो, बाईंचं काही आलं का?

नातीला नवं पत्र गेलंय. त्यात दऱ्या आहेत, पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्यांवर बसलेली माकडंही. या वेळी व्हिडिओ कॉलवर तिनं फक्त माकडांचं विचारलं.

पुढच्या वेळी मुलांच्या टॅबवरच्या खात्यांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, आणि मराठीत लिहीत राहा. नमस्कार.